नाळेवरची मोटार

अमेरिकेच्या नकाशात वरच्या बाजूला, कॅनडाला खेटून मिनेसोटा नावाचं राज्य आहे. तिथल्या गाड्यांच्या नंबरपाटीवर ‘दहा हजार तळी’ असं अभिमानानं लिहिलेलं असतं. मोजदाद केली तर दहा एकरांहून मोठी तळीच तिथे ११,८४२ भरतात. साहजिकच गळ टाकून मासे गरवणं हा तिथला केवळ छंद नाही, जगण्याचा भागच आहे. मे महिन्यात हंगाम उघडला की कारकून, डॉक्टर, शेतकरी सगळे चौदा-सोळा फुटी ॲल्युमिनियमच्या होड्या गाडीमागे जोडून तळ्यांकडे निघतात.

त्या होड्या नीट पाहिल्या, तर नवख्या माणसाला एक कोडं पडतं. मागच्या बाजूला पेट्रोलचं इंजीन असतंच, पण पुढे नाळेवर आणखी एक लांब दांड्याची मोटार आडवी पडलेली असते. एका होडीला दोन मोटारी कशाला? मी विजेच्या कामातला माणूस. तिथल्या बऱ्याच वर्षांच्या मुक्कामात ‘तुला वायरिंग कळतं ना, मग जरा ये’ म्हणत शेजाऱ्यांनी मला बोलावलं आणि या पुढच्या मोटारीशी माझी ओळख झाली. ती बसवणं म्हणजे चार बोल्ट आवळणं, असं वरवर दिसतं. पण त्या चार बोल्टांमध्ये वजनाचं गणित आहे, विजेचं गणित आहे आणि चूक झाली तर माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. म्हणून हा विषय जरा उलगडून सांगतो.

या मोटारीला ‘ट्रोलिंग मोटार’ म्हणतात. ट्रोलिंग म्हणजे होडी अगदी सावकाश चालवत पाण्यातून आमिष ओढत नेणं. मिनेसोटाचा लाडका मासा आहे ‘वॉलआय’. १९६५ पासून तो राज्याचा अधिकृत मासाच आहे. त्याला आमिष दिसायला हवं, तर होडीचा वेग चालत्या माणसाहूनही कमी हवा आणि उथळ पाण्यात इंजिनाची धडधड नको. पेट्रोलचं इंजीन इतक्या संथ गतीला कुरकुरतं आणि आवाजही करतं. यावर शेजारच्या नॉर्थ डाकोटा राज्यातल्या फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट यांनी १९३४ मध्ये तोड काढली. त्यांनी फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीची स्टार्टर मोटार घेतली, तिला लवचीक दांडा आणि पंखा जोडला आणि बॅटरीवर होडी चालवून दाखवली. मिनेसोटा आणि डाकोटा या दोन नावांतून त्यांच्या कंपनीचं ‘मिन कोटा’ हे नाव तयार झालं. आजही या धंद्यातलं ते मोठं नाव आहे.

आता ही मोटार पुढेच का? मागे लावली तर स्वस्तात काम होतं आणि बरेच लोक सुरुवातीला तसंच करतात. पण बैलगाडी आणि हातगाडी आठवून पाहा. बैल पुढून ओढतात तेव्हा गाडी आपोआप त्यांच्या मागे येते. हातगाडी मागून ढकलताना मात्र सारखी दिशा सावरावी लागते, जरा हात ढिला पडला की ती तिरकी जाते. पाण्यात तर रस्त्याचं घर्षणही नाही. त्यात होडीची नाळ उचललेली आणि हलकी असते, त्यामुळे वारा आधी तिलाच फिरवतो. मागून ढकलणाऱ्याची निम्मी शक्ती नाळ सरळ ठेवण्यातच जाते. मोटार नाळेवर असली की तोंड वाऱ्याकडे राहतं आणि बाकीची होडी काठीला बांधलेल्या निशाणासारखी मागे येते. शिवाय मोटार पायाच्या पेडलनं वळवता येते, दोन्ही हात गळाला मोकळे राहतात. पुढे लावण्याचा फायदा हा असा खरा आहे. पण त्याची किंमतही नाळेलाच मोजावी लागते. ती कशी, ते पुढे पाहू.

दुकानात गेलात तर पहिला प्रश्न असतो, किती जोराची मोटार हवी? हा जोर पौंडांत सांगतात. साधा हिशेब ‘शंभराला दोन’. भरलेल्या होडीच्या दर शंभर किलोंमागे निदान दोन किलो जोर. एक चौदा फुटी होडी घेऊ. होडी ११० किलो, मागचं इंजीन ४८, पेट्रोल २०, दोन माणसं १६०, सामान ४०, ट्रोलिंग मोटार २० आणि तिची बॅटरी २८. एकूण ४२६ किलो. त्याचे दोन टक्के म्हणजे साडेआठ किलो, सुमारे १९ पौंड. मग लोक ५५ पौंडांची मोटार का घेतात? वाऱ्यासाठी. शांत पाण्यात १९ पौंड पुरतात, पण समोरून वारा सुटला की तेवढ्यात होडी जागची हलत नाही. ५५ पौंडांपर्यंतच्या मोटारी एका १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. त्याहून मोठी घेतली की २४ किंवा ३६ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन किंवा तीन बॅटऱ्या. चौदा फुटी होडीला तो भार झेपत नाही. म्हणून ‘मोठी घेतलेली बरी’ हा आपला नेहमीचा न्याय इथे लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न दांड्याच्या लांबीचा. इथे होडी ट्रेलरवर असताना माप घेऊन चालत नाही. नेहमीचं सामान आणि माणसं घेऊन ती पाण्यात उतरवायची आणि मोटार जिथे बसणार त्या जागेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. समजा ते ४० सेंटिमीटर भरलं. पंखा पाण्याखाली तीसएक सेंटिमीटर हवा, लाटांसाठी आणखी बारा-तेरा धरा, वर डोक्याला आणि पकडीला जागा सोडा. हिशेब ४८ इंची दांड्यापाशी येतो. दांडा तोकडा पडला तर लाटेबरोबर नाळ उचलली गेली की पंखा हवेत येतो, घरघरतो आणि पाण्याची पकड सोडतो. ज्या शांततेसाठी एवढा खर्च केला, ती तिथेच संपते.

आता मुख्य मुद्दा, वजन. सी-सॉच्या फळीचा नियम इथे लागतो. होडीचा मध्य नाळेपासून दोन मीटरवर आहे असं धरा. नाळेच्या टोकावरची २० किलोंची मोटार ही मध्यापासून एक मीटरवर ठेवलेल्या ४० किलोंइतकी नाळ दाबते. पेडल चालवणारा ८० किलोंचा माणूसही आता पुढेच बसणार. दोघं असतील तर दुसरा मागे बसून तोल राखतो. पण खरा प्रश्न एकट्यानं जाणाऱ्याचा आहे. तो पुढे, मोटार पुढे, आणि मागे नुसतं इंजीन. नाळ खाली जाते, पाण्यापासून तिच्या काठाची उंची कमी होते. एरवी पायाखालून निघून जाणारी, शेजारून गेलेल्या मोठ्या बोटीची लाट अशा वेळी थेट आत येते.

वीस फुटांखालच्या बहुतेक होड्यांवर तिथल्या कायद्याप्रमाणे एक पत्रा ठोकलेला असतो. किती माणसं आणि माणसं-इंजीन-सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. नव्या मोटारीचं आणि बॅटरीचं वजन या आकड्यातूनच वजा करायचं असतं. म्हणजे मोटार बसवली की कधीकधी एक माणूस काठावर ठेवावा लागतो. हे मोटार विकणारा सहसा सांगत नाही.

मग बॅटरी मागे ठेवली की तोल सुटला, नाही का? इथे वीज आडवी येते. ५५ पौंडांची मोटार पूर्ण वेगात ५० ॲम्पिअर ओढते. घरातला दीड टनी एसी सात-आठ ॲम्पिअर घेतो, यावरून कल्पना करा. दाब बाराच व्होल्टचा असल्यानं प्रवाह इतका वाढतो. पाच मीटर मागे बॅटरी ठेवली तर जाण्या-येण्याची मिळून दहा मीटर तार लागते. ती ६ स्क्वेअर एमएमची असेल, तर ५० ॲम्पिअरला सुमारे दीड व्होल्ट तारेतच खर्ची पडतो. बारातला दीड! मोटार मरगळते, आणि सत्तरएक वॅटची उष्णता होडीच्या पोटात, पेट्रोलच्या टाकीजवळून जाणाऱ्या तारेत तयार होत राहते. एका शेजाऱ्यानं घरात उरलेली वायर वापरून आपणच जोडणी केली होती. ‘मोटार नवी असून दम नाही’ अशी त्याची तक्रार होती. मी तारेला हात लावला, तर चटका बसला. मोटारीत काहीच दोष नव्हता.

म्हणजे वजन म्हणतं बॅटरी मागे न्या, वीज म्हणते पुढे आणा. या ओढाताणीतून वाट काढणं हेच या कामातलं खरं कौशल्य. बहुतेक चौदा फुटी होड्यांत मधल्या बाकाखालची जागा सोयीची पडते. तिथून मोटार अडीच मीटरवर येते. १६ स्क्वेअर एमएमची केबल वापरली तर पूर्ण वेगातही पाव व्होल्टच्या आसपास घट होते आणि तोलही बिघडत नाही. एकटाच माणूस नेहमी जाणार असेल, तर बॅटरी आणखी मागे नेऊन केबल २५ स्क्वेअर एमएमची करायची. तांबं महाग असतं हे खरं, पण इथे ते वाचवण्यात शहाणपण नाही.

बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत ६० ॲम्पिअरचा सर्किट ब्रेकर हवा. गवत किंवा दोरी पंख्यात अडकून मोटार थबकली की प्रवाह एकदम चढतो. ब्रेकर नसेल तर तापते ती केबल. दोन्ही तारा थेट बॅटरीलाच जोडायच्या. मोटारगाडीत लोखंडी सांगाडा ऋण तारेचं काम करतो, तसं ॲल्युमिनियमच्या होडीत कधीही करायचं नाही. पाण्यात गळणारी वीज होडीचा पत्राच हळूहळू खाऊन टाकते. जोडणी झाल्यावर मल्टिमीटरची एक कांडी बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी होडीच्या पत्र्याला लावून पाहायची. काटा हलता कामा नये. आणि ही बॅटरी इंजीन सुरू करणाऱ्या बॅटरीहून वेगळीच हवी. नाहीतर दिवसभर मासे पकडायचे आणि संध्याकाळी वल्ही मारत घरी यायचं.

वल्ह्यांवरून आठवलं, बॅटरी किती वेळ पुरते हे सगळेच विचारतात. शंभर ॲम्पिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी खरं तर निम्मीच वापरावी. पूर्ण वेगात ती तासभरही टिकत नाही. पण पाण्यात वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्शावर येते. म्हणून सावकाश गरवणाऱ्याला तीच बॅटरी चार-पाच तास साथ देते. नव्या लिथियम बॅटऱ्या निम्म्याहून कमी वजनाच्या असतात, त्यामुळे तोलाचा प्रश्न बराच हलका होतो. मात्र शून्य अंशाखालच्या थंडीत त्या चार्ज करायच्या नसतात. शिशाच्या बॅटरीचंही एक पथ्य आहे. ती रिकामी ठेवली तर मिनेसोटाच्या हिवाळ्यात आतलं पाणी गोठून फुटते.

बसवण्याच्या कामात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट असते ती पत्र्याखालची. नाळेवरचा पत्रा असतो दोन-तीन मिलिमीटरचा. मोटारीचा २५ किलोंचा जोर त्या जागेच्या ऐंशी सेंटिमीटर खाली, पाण्यात लागतो. पुढच्या-मागच्या बोल्टांत पंचवीस सेंटिमीटर अंतर असेल, तर तरफेच्या नियमानं बोल्टवर ऐंशी किलोंची ओढ येते. बुडालेल्या ओंडक्याला दांडा आपटला तर किती येत असेल, याचा अंदाज करा. स्क्रू पिळून भागत नाही. पत्र्याखाली पाच-सहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी किंवा जाड मरीन प्लायवूड बसवून, आरपार बोल्ट टाकून, खालून नायलॉनचे लॉकनट आवळायचे. कीड लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेलं लाकूड मात्र टाळायचं, कारण ते क्षार ॲल्युमिनियम पोखरतात. स्टेनलेस बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्येही नायलॉनचे वॉशर घालायचे. दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आलं की गंज सुरू झालाच समजा.

भोकं पाडण्याआधी मोटार त्या जागी नुसती ठेवून दोनदा उचलून, दोनदा पाण्यात सोडून पाहावी. ती आत घेताना काठाला घासते का, पेडलची तार पायात येते का, नांगराची दोरी कुठून जाणार, हे तेव्हाच कळतं. एकदा पाडलेलं भोक बुजवता येतं, पण नाहीसं होत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. पेडल चालवणारा माणूस होडीच्या सर्वांत अरुंद आणि सर्वांत जास्त हलणाऱ्या टोकावर असतो, कित्येकदा उभा. एक पाय पेडलवर, म्हणजे तोल दुसऱ्या पायावर. हातात गळ आणि नजर पाण्यात. मे महिन्यात, बर्फ वितळून जेमतेम काही आठवडे झालेले असतात आणि तळ्याचं पाणी दहा अंशांच्या घरात असतं. अशा पाण्यात पडलं की पहिल्या काही क्षणांत श्वास आवरत नाही, माणूस धापा टाकत पाणी गिळतो. चांगले पोहणारेही अशानं जातात. आणि पेडलवर मोटार ‘सतत चालू’ ठेवली असेल तर रिकामी होडी शांतपणे निघून जाते. आवाज नसणं हा मोटारीचा गुण, पण अशा वेळी तोच घातक ठरतो.

१ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत सव्वीस फुटांखालच्या होड्यांवर, चालकाच्या अंगाला जोडलेली आणि तो पडताच इंजीन बंद करणारी दोरी वापरण्याचा नियम आला. पण तो तीन अश्वशक्ती, म्हणजे ११५ पौंड जोराच्या आणि त्यापुढच्या इंजिनांसाठी आहे. आपली ५५ पौंडांची मोटार त्यात बसत नाही. कायद्यानं सोडलेली ही जागा आपणच भरायची आहे. पेडल दाबलं तरच मोटार चालेल, पाय काढताच थांबेल, असं बटण ठेवायचं. नाळेवर जाण्याआधी लाइफ जॅकेट घालायचं. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या होडीत ते सक्तीचं आहे, पण थंड पाणी वय विचारत नाही. आणि पाण्यातून हाताला येईल अशी दोराची शिडी मागे बांधून ठेवायची. भिजलेल्या कपड्यांनिशी होडीच्या काठावर चढणं किती अवघड असतं, ते उन्हाळ्यात एकदा करून पाहिलं की कळतं.

आता उपग्रहाच्या मदतीनं होडी एका जागी धरून ठेवणाऱ्या मोटारी आल्या आहेत. नांगर न टाकताच त्या नांगराचं काम करतात. माणूस पडला तर होडी जवळच राहते, ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण त्या स्वतःहून दिशा धरून पुढेही चालतात आणि मध्येच पंखा अचानक फिरू लागतो. म्हणून रिमोट होडीत न ठेवता गळ्यात असावा, आणि पंख्याला हात लावण्याआधी ब्रेकर बंद करावा.

पंख्याला हात लावायची वेळ येतेच. गळाची तुटलेली दोरी पंख्यामागे गुंडाळली गेली की ती आतलं सील कापते, पाणी मोटारीत शिरतं. दर काही फेऱ्यांनंतर पंखा काढून पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे. तळ्यातून बाहेर काढताना गवत काढणं आणि तळाचं बूच उघडून पाणी सोडणं तिथे कायद्यानं बंधनकारक आहे. १९८९ मध्ये डुलुथ बंदरात सापडलेले झेब्रा शिंपले अशाच होड्यांबरोबर तळ्यातळ्यांत पोहोचले. आणखी एक, नुसती विजेची मोटार लावली तरी मिनेसोटात होडीची नोंदणी करावी लागते.

कोकणातले मित्र विचारतात, आमच्या होडीला चालेल का? खाऱ्या पाण्यासाठी वेगळ्या बनावटीच्या मोटारी मिळतात, गोड्या पाण्याची खाडीत नेऊ नये. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या मोटारीचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटरच असतो. ओहोटीचा ओढ तेवढाच असेल तर होडी जागच्या जागी राहील आणि बॅटरी मात्र संपेल. धरणाच्या शांत पाण्यावर ती उत्तम. खाडीच्या तोंडाशी फक्त तिच्या भरवशावर जाणं बरं नव्हे. वल्ही तर दोन्हीकडे हवीतच.

अशी मोटार कुणी नवी बसवली की मी तिचा जोर विचारत नाही. बॅटरी कुठे ठेवली, केबल कितीची टाकली आणि पत्र्याखाली काय लावलं, एवढं विचारतो. या तीन गोष्टी होडीत बसल्यावर दिसत नाहीत. पण समोरून वारा सुटतो, लाट येते आणि होडीत दुसरं कुणी नसतं, तेव्हा सगळी भिस्त त्यांच्यावरच असते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)